व्यवहारशुद्धी : अंदाजपत्रकातील बॉनेट



खामगावच्या बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला हिशेब शिकवावा लागत नाही. वहीत चार आण्यांचा फरक पडला तरी रात्री दिवा लावून तो शोधणारे वडीलधारे आपण पाहिले आहेत. त्यांचेच वारस असलेले आपण मोटार-दुरुस्तीच्या अंदाजपत्रकावर मात्र न वाचताच स्वाक्षरी करतो. गेल्या पावसाळ्यात हाच प्रमाद माझ्या हातून होता होता राहिला.

बुलढाण्याहून परतताना बोथा घाटात समोरच्या ट्रकला वाट देण्याच्या प्रयत्नात आमची मोटार डाव्या अंगाने दगडी कठड्याला घासली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. गॅरेजने तिसऱ्या दिवशी ५८,००० रुपयांचे अंदाजपत्रक हाती ठेवले : दोन नवे दरवाजे २९,०००, पाच भागांचे रंगकाम २२,५००, मजुरी ६,५००. रंगवावयाच्या भागांत दोन दरवाजे आणि डावे फेंडर यांच्यासह बॉनेट व मागचा बंपरही होता. घासली होती ती तर केवळ डावी बाजू!

विचारताच व्यवस्थापक सहजपणे म्हणाले, “काकाजी, बॉनेटवर जुना ओरखडा आहेच, तोही निघून जाईल. पैसे विमा कंपनी देणार, तुमचे काय जाते?”

खरे सांगतो, क्षणभर मोह झाला. तो ओरखडा दोन वर्षे डोळ्यांत खुपत होता. परंतु घाटात न झालेले नुकसान घाटात झाले असे लिहून देणे म्हणजे परद्रव्य उचलणेच. कागदावर गॅरेजचा शिक्का असला, तरी खालची स्वाक्षरी माझीच असणार होती.

शिवाय आपले काहीच जात नाही, हेही खरे नव्हे. शून्य-घसारा पुरवणी नसलेल्या विम्यात प्लॅस्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. तीन ते चार वर्षे वयाच्या मोटारीच्या धातूच्या भागांवर तो २५ टक्के असतो. आमची मोटार त्याच वयाची. म्हणजे दोन नव्या दरवाजांतील ७,२५० रुपये माझ्याच खिशातून जाणार होते. दावा केला की दावारहित वर्षांची सवलतही संपते. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत वाढत गेलेली असते. म्हणून लहान दुरुस्तीत दावा करावा की नाही, हे आधी मांडून पाहावे.

मी आवाज चढविला नाही. एवढेच म्हणालो, “प्रत्येक भागापुढे तो बदलण्याचे कारण लिहून द्या. सुट्या भागाचा क्रमांक आणि छापील किंमतही लिहा.” मग दुसऱ्या गॅरेजमधील वयस्क मिस्त्रींना मोटार दाखविली. त्यांनी मागच्या दरवाजावर हात फिरवून सांगितले, “हा पत्रा निघतो. पुढचा मात्र बदलावाच लागेल.” हे मत घेऊन मी पहिल्या गॅरेजमध्ये परतलो. तासाभराच्या बोलण्यानंतर नवे अंदाजपत्रक झाले : एक दरवाजा १४,५००, तीन भागांचे रंगकाम १३,५००, मजुरी ८,०००, एकूण ३६,०००. मजुरी दीड हजाराने वाढली, ती मी आनंदाने मान्य केली. पत्रा ठोकून सरळ करणाऱ्या हाताचे मोल द्यावयासच हवे. विम्याच्या सर्वेक्षकांनीही मोटार पाहून हेच अंदाजपत्रक ग्राह्य धरले.

सुट्या भागांच्या व्यवहारातील अपारदर्शकता गावोगावच्या गॅरेजपुरती नाही. खुल्या बाजारात सुटे भाग व तपासणीची साधने मिळू दिली जात नाहीत, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. त्याविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या. तथापि, किंमत विचारणे हा संशय नसून ग्राहकाचा अधिकार आहे, एवढा बोध आपण घ्यावा.

दुरुस्तीपूर्वी चारही बाजूंची छायाचित्रे काढावीत. अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि अधिक खर्च आपल्या संमतीवाचून करू नये, असे त्यावरच लिहावे. काढलेला जुना भाग पाहावा, पक्के बिल मागावे. बोलण्याने मार्ग निघाला नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. त्यापुढे बुलढाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही.

मोटार घरी आली. डावी बाजू नव्यासारखी झाली आहे. बॉनेटवरील ओरखडा अद्याप तसाच आहे. कधी काढलाच, तर माझ्या पैशाने काढीन.