सरबत्ती, भडिमार आणि मराठीचे वर्ग

मराठीच्या अध्यापकवर्गात एक सोयीचा समज रुजलेला आहे. संगणकावर खेळणारी मुले भाषेतून हद्दपार होत आहेत, आणि त्यांच्या तोंडची 'टँक', 'ट्रॅकिंग', 'पॉइंट', 'अल्फा' ही शब्दावळ त्या हद्दपारीचा पुरावा आहे, असा तो समज. आम्हाला तो चुकीचा तर वाटतोच, पण त्याहून अधिक आळशी वाटतो. ज्याने या शब्दांमागची यंत्रणा एकदाही समजून घेतलेली नाही त्याने त्यांना भ्रष्ट ठरवावे, हे बखरीचे एक पान न वाचता बखर अतिशयोक्त असते असे सांगण्यासारखे आहे. (आणि हेही आपल्याकडे सर्रास सांगितले जाते.)

उदाहरणादाखल 'ईव्ह ऑनलाइन' हा खेळ घेऊ. आइसलंडमधील सीसीपी या कंपनीने तो मे २००३मध्ये आणला. हजारो खेळाडू एकाच कल्पित विश्वात, एकाच वेळी वावरतात. जहाजे बांधतात, व्यापार करतात, संघटना उभारतात आणि एकमेकांची जहाजे फोडतात. फुटलेले जहाज गेले ते गेलेच. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी रात्री या विश्वात वावरणारा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात बसून वीररसाची व्याख्या उतरवून घेतो. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल, अशी शंकाही वर्गात कोणाला येत नाही.

तेव्हा आधी यंत्रणा पाहू, कारण तिच्यावाचून शब्दांना अर्थ नाही. या खेळात तोफ लागते की नाही हे प्रत्येक वेळी फाशाच्या दानावर ठरते खरे, पण ते दान कोणाच्या बाजूने झुकावे हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात. पहिली गोष्ट अंतर. प्रत्येक तोफेला एक नेमका टप्पा असतो. त्याच्या आत अंतरामुळे नेम ढळत नाही. त्यापलीकडे उतार लागतो. टप्पा १० किलोमीटर आणि उतार ५ किलोमीटर असेल, तर १५ किलोमीटरवरच्या स्थिर लक्ष्याला गोळा लागण्याची शक्यता निम्मी होते आणि २० किलोमीटरवर ती सोळाव्या हिश्शावर येते. दुसरी गोष्ट अधिक मजेची आहे. शत्रू किती वेगाने जातो याला फारसे महत्त्व नाही. तो तोफेच्या तोंडासमोरून किती वेगाने आडवा सरकतो याला आहे. सरळ अंगावर चालून येणारे जहाज कितीही वेगवान असो, तोफेच्या लेखी ते स्थिर. तेच जहाज जवळ येऊन घिरट्या घालू लागले की अजस्र तोफांना त्याच्यामागे वळताच येत नाही. 'ट्रॅकिंग' म्हणतात ते हे: तोफेचे वळण. त्यात लहान जहाजाची आकृतीही लहान, म्हणून मोठ्या तोफेला ते सापडणे आणखी अवघड. महाकाय युद्धनौका एका चिमुकल्या जहाजापुढे हतबल होते ती अशी, भूमितीमुळे. शौर्याचा तिथे काही उपयोग नसतो.

या खेळातली जहाजे इंजिन थांबले की थांबतात. खऱ्या अवकाशात असे होत नाही. न्यूटनचा पहिला नियम आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेला आहे. विज्ञानशाखेची मंडळी या ढिलाईला हसतात. आम्हाला मात्र तीत एक खूण दिसते. जहाज जणू घट्ट द्रवातून चाललेले असावे अशी ही रचना आहे, म्हणजे अवकाशाचे चित्र पडद्यामागे लावून हा खेळ खेळला जातो समुद्रावर. आणि समुद्रावरच्या लढाईची भाषा मराठीला परकी नाही.

रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आपल्यापैकी बहुतेकांनी परीक्षेपुरते वाचलेले असते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या या ग्रंथात आरमाराचे एक प्रकरण आहे. वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरतील अशी फार थोर जहाजे बांधू नयेत, असा व्यवहारी विचार त्यात येतो. आंग्र्यांच्या आरमाराची रीत याच विचाराची होती. हलकी गलबते वल्ह्यांवर चालत, वारा पडला की ती गुराबांना ओढून नेत, आणि थोर युरोपीय जहाजाला त्याच्या पिछाडीकडून, म्हणजे जिथे बाजूच्या तोफांचा मारा पोचत नाही तिथून, गाठत. तोफेच्या वळणाच्या आत शिरणारे चिमुकले जहाज आणि हे गलबत यांच्यात तत्त्वतः फरक काय? तो खेळणाऱ्या मुलाला हे प्रकरण पाच मिनिटांत कळेल. आपण मात्र त्याला ग्रंथाची भाषाशैली सोदाहरण स्पष्ट करायला सांगतो.

आता शब्दांकडे. अनेक तोफांचा एकदम होणारा बार आणि सतत चालणारा मारा यांत खेळाडू काटेकोर भेद करतात. पहिल्याला ते 'अल्फा' म्हणतात. दुसऱ्याचे माप दर सेकंदाला होणाऱ्या नुकसानीत मोजतात आणि त्याला 'डीपीएस' म्हणतात. शत्रूला डागडुजीची संधीच न देता एका तडाख्यात फोडायचे असेल तर पहिला हवा, त्याला झिजवायचे असेल तर दुसरा. मराठीत यांना शब्द आहेत: सरबत्ती आणि भडिमार. सरबत्ती आज व्याख्यानानंतरच्या प्रश्नांची होते आणि भडिमार वक्त्यावर टीकेचा. दोन्ही शब्द आम्ही एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो, कारण तोफा गेल्या आणि त्यांच्यातला भेद सांभाळण्याचे कारणही गेले. भेद जिवंत आहे तो त्या मुलाच्या डोक्यात. शब्द पडून आहेत आमच्या कोशात. दोघांची गाठ घालून द्यायची कोणी, हा आमचा प्रश्न आहे.

आणखी एक जोडी पाहा. शत्रूच्या जहाजाचा वेग घटवणारे एक यंत्र असते, त्याला खेळाडू 'वेब' म्हणतात. दुसरे यंत्र वेगाला हात लावत नाही. ते फक्त दूरच्या ताऱ्याकडे निसटून जाण्याची उडी रोखते. ते लावले म्हणजे 'पॉइंट लागला'. द्वाड गुराच्या गळ्यात जे लाकूड अडकवतात ते त्याला थांबवत नाही, नुसते धावू देत नाही, ते लोढणे. घोडा उधळू नये म्हणून त्याच्या मागच्या पायांना बांधतात तो पायबंद. वेबला लोढणे आणि पॉइंटला पायबंद म्हणायला कोणत्या समितीची मंजुरी हवी आहे? दारव्ह्याच्या मुलाला लोढणे म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. 'अतिवेगावरोधक' असा शब्द कोणी पाडलाच, तर तो मात्र समजावून सांगावा लागेल, आणि समजावून झाल्यावर विसरलाही जाईल.

शुद्धिवाद्यांशी आमचे भांडण इथेच आहे. शिवकालात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. सुमारे चौदाशे शब्द, त्यात शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग आणि दुर्गवर्ग स्वतंत्र. त्या उद्योगाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. राज्यकारभार आपल्या भाषेत चालला पाहिजे ही जिद्द त्यामागे होती. परंतु तोफ तोफच राहिली, बंदूक बंदूकच राहिली, आणि ते शब्द तुर्की-अरबी मुळाचे आहेत म्हणून मराठ्यांचा नेम चुकला नाही. वस्तूबरोबर आलेला शब्द राहू द्यावा. 'टायटन' हे जहाज टायटनच राहील. पण कृतीचे, डावपेचाचे, अनुभवाचे शब्द उसने घेतले की त्यांच्याबरोबर विचार करण्याची जागाही परक्या घरी जाते. 'त्याला वेब करून पॉइंट लाव' या वाक्याचा सांगाडा मराठी आहे, त्यात हाडे भरायची राहिली आहेत.

या बाबतीत जयंत नारळीकरांचा दाखला पुरेसा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने पाठवलेल्या त्यांच्या कथेचे शीर्षक 'कृष्णविवर' होते. आज हा शब्द शाळकरी मुलालाही अडत नाही. तो रुळला, कारण तो वापरणाऱ्याला ती वस्तू काय आहे हे पुरते ठाऊक होते.

'गनिमी कावा' या शब्दाची तर आपण पार रया घालवली आहे. निवडणुकीपासून क्रिकेटपर्यंत कोणतीही चलाखी म्हणजे गनिमी कावा. 'ईव्ह'मध्ये शत्रूच्या टप्प्याबाहेर राहून त्याला झोडपत राहण्याची एक पद्धत आहे, आणि अंगाला अंग भिडवून लढण्याची दुसरी. दोहोंना जहाजे वेगळी लागतात, तोफा वेगळ्या, सरावही वेगळा. एकाच ताफ्यात दोन्ही मिसळले की ताफा मरतो, हे नवख्यालाही पहिल्याच महिन्यात कळते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या गोलाच्या लढाईत जुन्या वळणाचे घोडदळ गुंफले गेले होते. गोलाला शिस्त हवी, घोड्याला मोकळे रान. घोडेस्वार पुढे घुसले आणि गारद्यांच्या तोफांच्या वाटेत आले, अशी हकिकत सांगितली जाते. समोर उंटांवरची हलकी जंबुरके हवी तिकडे वळत होती. भाऊसाहेबांची बखर शिकवताना आम्ही नियती, अहंकार, शोकात्म भव्यता यांवर तासन्तास बोलतो. टप्पा आणि वळण या दोन शब्दांवर पाच मिनिटे द्यावीत, असे आम्हाला वाटत नाही. वाङ्मयाच्या तासाला तोफखाना कशाला, असे विचारणाऱ्यांना आमचे विचारणे असे आहे की बखरकाराने तो कशाला घातला?

कोणी म्हणेल, खेळ म्हणजे वाङ्मय नव्हे. मान्य. पण त्यातून हकिकती जन्माला येतात. २७ जानेवारी २०१४ रोजी या खेळातल्या एका ताऱ्यापाशी, तेथील मालकीहक्काची ठरावीक रक्कम भरली न गेल्याचे निमित्त होऊन, साडेसात हजारांहून अधिक खेळाडूंची लढाई जुंपली. ती सुमारे २१ तास चालली आणि ७५ टायटन फुटले. गर्दीचा भार सोसावा म्हणून संगणकाने तेथील काळच एक दशांश वेगाने चालवला: घड्याळातली दहा मिनिटे उलटावीत तेव्हा रणातले एक मिनिट सरावे. कथनकाळ आणि कथितकाळ यांवर टिपणे काढणाऱ्या आमच्या मित्रांनी याहून चांगले उदाहरण दाखवावे. जगभरच्या वृत्तपत्रांनी मात्र ३ लाख डॉलरचे नुकसान एवढाच मथळा केला, कारण यंत्रणा न कळणाऱ्याला फक्त किंमत कळते. त्या रात्रीच्या हकिकती इंग्रजीत विपुल आहेत.

तेव्हा पुढच्या सत्रात आज्ञापत्रातले आरमाराचे प्रकरण वर्गात काढावे, आणि मागच्या बाकावर झोपाळलेल्या त्या मुलाला उठवून विचारावे, की बाबा, गलबत पिछाडीलाच का गेले, ते फळ्यावर काढून दाखव. खडू त्याच्या हाती द्यावा आणि आपण त्याच्या बाकावर जाऊन बसावे.