म्हशाच्या अंगणात साते

बालदोस्तांनो, या वेळी पत्र आलंय ते मुरबाड तालुक्यातल्या म्हशाहून. हो, तेच म्हसा, जिथं पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते आणि गुरांचा मोठा बाजार लागतो! सातवीतली एक मैत्रीण लिहिते, "मावशी, यात्रेला आत्याची, मामाची सगळी मुलं आमच्याकडे येणार. इंडोनेशियात काडीला टोचून तिखट कोंबडी भाजतात ना, ती मला सगळ्यांना खायला घालायचीय. पण तिथलं सामान आमच्या गावात कुठून मिळणार? आणि थंडी फार असते, तर माजघरात दार लावून शेगडी पेटवली तर चालेल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: सामान तुझ्या घरातच आहे. दुसऱ्याचं उत्तर त्याहून सोपं: मुळीच चालणार नाही! का, ते पुढं सांगते.

या पदार्थाचं नाव साते. त्याचा जन्म जावा बेटावरचा. अरबी आणि भारतीय व्यापाऱ्यांनी तिकडे नेलेल्या कबाबावरून तो सुचला असावा, असं मानतात. म्हणजे आपली नि त्याची ओळख जुनीच! तिथल्या भाषेत साखरेला काय म्हणतात, ठाऊक आहे? 'गुला'. आपल्या गुळाचाच भाऊबंद, कारण दोन्ही शब्द संस्कृतातून आले. भाषेला ते 'बहासा' म्हणतात आणि गुरूला 'गुरू'च.

आणखी एक गंमत. साते म्हटलं की तिखट मिरची आणि शेंगदाण्याची चटणी आलीच. पण मिरची आणि भुईमूग दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. साधारण पाचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या खलाशांनी ते आशियात आणले. त्याआधी जावातही शेंगदाणे नव्हते आणि आपल्या ठेच्यातही मिरची नव्हती!

आता कामाला लागू या. सुरी, विळी आणि विस्तव मोठ्यांच्या हाती. बाकीचं तुम्ही करायचं, बरं का!

साहित्य (चार-पाच जणांसाठी) : बिनहाडाची कोंबडी अर्धा किलो, शक्यतो तंगडीचं मांस, ते कोरडं पडत नाही. वाटणासाठी १ मध्यम कांदा, ६ लसूण पाकळ्या, बोटाच्या दोन पेरांएवढं आलं, गवती चहाच्या २-३ ताटांचा बुडाचा पांढरा भाग, ५ सुक्या लाल मिरच्या (भिजवलेल्या), २ चमचे धणे, १ चमचा जिरे, १ चमचा हळद. शिवाय ३ चमचे किसलेला गूळ, ३ चमचे चिंचेचा कोळ, १ वाटी भाजलेले शेंगदाणे, १ वाटी नारळाचं दूध, तेल, मीठ.

पाहिलंत? परसातला गवती चहासुद्धा कामाला आला. आपण तो चहात घालतो, ते लोक वाटणात घालतात.

कृती : बांबूच्या वीतभर लांब, पातळ काड्या तासून घ्या आणि तासभर पाण्यात बुडवून ठेवा. ओली काडी लवकर जळत नाही. वाटणाचं सगळं साहित्य बारीक वाटा. आता लक्ष द्या! वाटणातला तिसरा हिस्सा आधीच वेगळ्या वाटीत काढून ठेवा, तो चटणीसाठी. कच्च्या कोंबडीला लागलेलं वाटण चटणीत घालायचं नाही. त्यातले जंतू पोटात गेले तर यात्रेचा सगळा आनंद आजारपणात जाईल.

उरलेल्या वाटणात १ चमचा गूळ, १ चमचा चिंचेचा कोळ, २ चमचे तेल आणि चवीपुरतं मीठ घालून ते कोंबडीच्या बोराएवढ्या तुकड्यांना चोळा. फ्रिज असेल तर दोन तास त्यात ठेवा. नसेल तर अर्धा तास पुरे, जास्त वेळ बाहेर ठेवू नका. कोंबडी धुवायची असेल तर नळाच्या धारेखाली नको, पातेल्यात हलक्या हातानं धुवा, म्हणजे शिंतोडे इकडेतिकडे उडत नाहीत. मग हात, पाट, सुरी साबणानं स्वच्छ!

तोवर चटणी. कढईत २ चमचे तेलावर बाजूला ठेवलेलं वाटण खमंग परता. दाण्याचं कूट, नारळाचं दूध, उरलेल्या गुळातला १ चमचा, उरलेला कोळ आणि मीठ घाला. मंद आचेवर ढवळत राहा. तेल सुटायला लागलं की उतरवा. पाहुण्यांत कुणाला शेंगदाणे सोसत नाहीत का, ते आधी विचारून घ्या.

आता शेगडी. ती अंगणातच पेटवायची. दोस्तांनो, कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो साठतो, श्वासाबरोबर रक्तात जातो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. माणसाला आधी डोकं दुखल्यासारखं, मळमळल्यासारखं वाटतं, गुंगी येते आणि झोपेतच जीव जाऊ शकतो. म्हणून थंडी कितीही असो, बंद खोलीत शेगडी नाही. भाजणं संपल्यावर "जरा ऊब येईल" म्हणून धुमसते निखारे घरात नेणं, तेही नाही! पाणी टाकून ते पुरते विझवा. हे आजीलाही सांगा, धाकट्या भावालाही सांगा.

अंगणात दोन विटा समांतर मांडा. मध्ये निखारे. ज्वाळा शमून निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की समजा, वेळ झाली. ज्वाळेवर कोंबडी बाहेरून काळी होते आणि आत कच्ची राहते. काडीला चार-पाच तुकडे टोचा, दोन्ही टोकं मोकळी सोडा आणि ती विटांवर टेकवा. जाळीसुद्धा लागत नाही! जावातले विक्रेते हातपंख्यानं वारा घालत असतात, आपण सूप घेऊ. दर दोन मिनिटांनी काडी फिरवा. दहा-बारा मिनिटं लागतील. उरलेला १ चमचा गूळ थोड्या तेलात कालवून अगदी शेवटी लावा, आधी लावलात तर करपून कडू होईल.

झालं की नाही, कसं ओळखायचं? सगळ्यांत जाड तुकडा मोडून पाहा. आत गुलाबी दिसता कामा नये, रस स्वच्छ यायला हवा. शंका वाटली तर आणखी भाजा. घाई नको.

कोंबडी न खाणाऱ्यांसाठी हेच वाटण लावून पनीर किंवा उकडलेले बटाटे भाजा, पण वेगळ्या ताटातून आणि कोंबडीच्या आधी. इंडोनेशियात साते भाताच्या वड्यांबरोबर, काकडी-कांद्याबरोबर खातात. आपण तांदळाची भाकरी घेऊ, काय बिघडलं?

तर म्हशाच्या मैत्रिणी, पाहुण्यांना आधी नुसतंच खायला दे. मग विचार, "सांगा, यातलं काय परदेशी आहे?" सगळे गवती चहाकडे, गुळाकडे बोट दाखवतील. तू हळूच मिरचीकडे दाखव! त्यांचे चेहरे कसे झाले, ते मला नक्की कळव.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू.