विश्लेषण : रंग आणि प्रकाश मिळून जिवाणू कसे मारतात? ठाणे-कल्याण-डोंबिवलीने त्याची दखल का घ्यावी?

रासायनिक रंग म्हटले की डोंबिवलीकरांना दोन गोष्टी आठवतात. एक जानेवारी २०१४ मधला हिरवा पाऊस आणि दुसरी फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीत गुलाबी झालेला रस्ता. रंग म्हणजे नाल्यात सोडलेली घाण, हे समीकरण इथे पक्के झाले आहे. मात्र काही रंगद्रव्यांवर ठरावीक प्रकाश पाडला तर ती जिवाणूंचा काही मिनिटांत खात्मा करतात. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणूही त्यातून सुटत नाहीत. प्रतिजैविके एकामागून एक निकामी होत असताना सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या शोधाकडे वैद्यकशास्त्र पुन्हा वळले आहे.

हा शोध कसा लागला?

म्युनिकमधील वैद्यकीय विद्यार्थी ऑस्कर राब अॅक्रिडीन या रंगद्रव्याचा पॅरामेशियम या एकपेशीय जीवावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करत होता. तोच रंग, तेवढेच प्रमाण. तरीही एके दिवशी जीव लवकर मरत, दुसऱ्या दिवशी बराच वेळ जगत. फरक उजेडाचा होता. वादळी हवेमुळे अंधारलेल्या दिवशी ते तगून राहत होते. राबने हे निष्कर्ष १९०० मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे मार्गदर्शक हेर्मान फॉन टापायनर यांनी या क्रियेसाठी ऑक्सिजनही लागतो हे दाखवले आणि १९०४ मध्ये तिला ‘फोटोडायनॅमिक’ असे नाव दिले. त्याच्या आदल्याच वर्षी त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सेन यांना नोबेल पुरस्कार मिळाला होता. पुढे १९४०च्या दशकात पेनिसिलिन उपलब्ध झाले आणि जिवाणूंविरुद्ध रंग-प्रकाशाचा हा मार्ग मागे पडला. कर्करोगाच्या उपचारांत मात्र तो टिकला.

रंग जिवाणूला नेमका कसा मारतो?

रंगद्रव्य हे स्वतः विष म्हणून काम करत नाही, तर ते प्रकाशाची ऊर्जा शोषून घेते आणि भोवतालच्या ऑक्सिजनला देते. त्यातून ‘सिंगलेट ऑक्सिजन’ आणि तत्सम अतिक्रियाशील रेणू तयार होतात. ते जिवाणूचे आवरण, प्रथिने आणि डीएनए यांपैकी जे हाताशी येईल ते जाळतात. सिंगलेट ऑक्सिजनचे आयुष्य पाण्यात जेमतेम काही मायक्रोसेकंदांचे असते. तेवढ्या वेळात तो जिवाणूच्या लांबीइतकाही प्रवास करू शकत नाही. म्हणून रंग जिवाणूला चिकटलेला असणे महत्त्वाचे ठरते. रंग, प्रकाश आणि ऑक्सिजन या तिघांपैकी एक जरी नसला तरी काम होत नाही.

प्रत्येक रंगाचा प्रकाशही ठरलेला असतो. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाला साधारण ६६० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश लागतो, रोझ बेंगालला हिरवा, तर हळदीतील कुरकुमीनला निळा. हळदीचा या क्षेत्रात गांभीर्याने अभ्यास होत आहे. पण जखमेवर हळद दाबून उन्हात बसणे म्हणजे हा उपचार नव्हे. कुरकुमीन पाण्यात जवळपास विरघळत नाही, आणि मात्रा व प्रकाश मोजून दिल्याशिवाय परिणामाची खात्री नसते.

प्रतिजैविकांपेक्षा हे वेगळे कसे?

प्रतिजैविक बहुधा जिवाणूच्या एखाद्या ठरावीक भागावर घाव घालते. तो भाग बदलला किंवा औषध निष्प्रभ करणारे विकर तयार झाले की जिवाणू त्याला पुरून उरतो. रंग-प्रकाशाचा मारा एकाच वेळी अनेक ठिकाणी होतो. त्यामुळे त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण होणे अवघड असते. याची निकड किती, हे ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली आलेल्या अभ्यासावरून दिसते. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूसंसर्गामुळे जगभरात थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज त्यात आहे.

तंत्राच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा प्रकाशाची. तांबडा प्रकाश शरीरात काही मिलिमीटरच शिरतो. त्यामुळे न्यूमोनिया, टायफॉइड किंवा रक्तात पसरलेला संसर्ग यावर हा उपाय नाही. जिथे रंग लावता येतो आणि प्रकाश पोहोचतो, अशाच जागा त्याच्या कक्षेत येतात : हिरड्या, नाकपुडी, त्वचा, भाजलेल्या आणि चिघळलेल्या जखमा. दुसरी मर्यादा जिवाणूच्या बांधणीची. स्टॅफिलोकॉकससारखे ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणू सहज मरतात. क्लेब्सिएला, स्युडोमोनास, अॅसिनेटोबॅक्टर या ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असते, आणि भारतातील रुग्णालयांची डोकेदुखी प्रामुख्याने हेच आहेत. त्यांच्यासाठी धन प्रभार असलेली रंगद्रव्ये वापरावी लागतात. तिसरी मर्यादा म्हणजे दिवा बंद झाला की परिणाम थांबतो. उरलेले जिवाणू पुन्हा वाढू शकतात.

प्रत्यक्षात वापर कुठे होतो?

हिरड्यांच्या आजारात दात खरवडून स्वच्छ केल्यानंतर पूरक उपचार म्हणून काही दंतवैद्य हे तंत्र वापरतात. कॅनडातील व्हँकुव्हर येथील रुग्णालयात शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या नाकपुड्यांत मिथिलीन ब्लू लावून तांबडा प्रकाश देण्यात आला आणि जोडीला क्लोरहेक्सिडीनने अंग पुसण्यात आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासानुसार शस्त्रक्रियेच्या जखमेतील संसर्गाचे प्रमाण २.७ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. तुलना मात्र आधीच्या काळातील रुग्णांशी होती, आणि दोन उपाय एकत्र केलेले होते. त्यामुळे सगळे श्रेय प्रकाशाला देता येत नाही. युरोपातील काही रक्तपेढ्या दात्यांच्या प्लाझ्मातील विषाणू निष्प्रभ करण्यासाठी मिथिलीन ब्लू आणि प्रकाश वापरतात.

मिथिलीन ब्लूची बाटली घरी आणून वापरावी का?

अजिबात नाही. मिथिलीन ब्लू हा १८७६ पासूनचा रंग. पॉल अर्लिख यांनी १८९१ मध्ये तो हिवतापाच्या रुग्णांना दिला होता, आणि मेथेमोग्लोबिनेमिया या रक्तदोषावर तो आजही वापरला जातो. करोनाकाळात ‘निळे औषध’ म्हणून त्याची चर्चा झाली आणि अनेकांनी ते स्वतःहून घेतले. पण जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांमध्ये त्याने लाल रक्तपेशी फुटू शकतात. नैराश्यावरील काही गोळ्यांबरोबर घेतल्यास सेरोटोनिन वाढून जिवाला धोका होऊ शकतो. कारखान्यांसाठी किंवा प्रयोगशाळेसाठी विकला जाणारा रंग औषधी प्रतीचा नसतो, हा आणखी एक मुद्दा.

मग नाल्यातील रंगांनी पाणी शुद्ध होते का?

हा तर्क उलटा आहे. वालधुनी आणि उल्हास नद्यांच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला होता. पाण्यात मिसळलेला रंग सूर्यप्रकाश अडवतो. तळाच्या वनस्पतींना उजेड मिळत नाही आणि पाण्यातील ऑक्सिजन घटतो. प्रकाशाने सक्रिय होणारा रंग असेल तर तो रोगजंतू आणि निरुपद्रवी सूक्ष्मजीव यांत भेद करत नाही. म्हणजे रुग्णालयात मोजून वापरले तर औषध, आणि न मोजता सोडले तर विष.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीने काय करावे?

या पट्ट्यात रंग आणि रसायने जाणणारे उद्योग आहेत, कळव्यात महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय आहे, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही पालिका रुग्णालये आहेत. मधुमेहींच्या पायाची न भरणारी जखम हे अशा रुग्णालयांतील रोजचे दृश्य. पाय वाचतो की कापावा लागतो, हे पुष्कळदा संसर्ग आटोक्यात येण्यावर ठरते. रंग-प्रकाशाची रीतसर चाचणी घ्यायची तर ती अशा जखमांवर. नियमित ड्रेसिंग, साखरेचे नियंत्रण आणि गरजेपुरते प्रतिजैविक हे सर्व रुग्णांना मिळालेच पाहिजे. त्यांतील एका गटाला रंग-प्रकाशाची जोड देऊन फरक मोजता येईल. त्यासाठी नैतिकता समितीची परवानगी आणि आयसीएमआरच्या चाचणी नोंदवहीत आगाऊ नोंद हवी. ही नोंदवही कोणालाही पाहता येते. ‘लेझरने इन्फेक्शन गायब’ अशी पाटी लावणाऱ्याला चाचणी कुठे नोंदवली आहे, असे विचारण्याचा हक्क त्यामुळे रुग्णालाही मिळतो.

त्याआधीचे काम मात्र दिव्याचे नाही. जखमेतील पू तपासून कोणते प्रतिजैविक लागू पडते हे पाहणारी कल्चर तपासणी पालिका रुग्णालयांत वेळेत व्हायला हवी, आणि कोणते औषध निकामी होत चालले आहे याची शहरनिहाय आकडेवारी प्रसिद्ध व्हायला हवी. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक न देण्याचा नियम आहेच, तो काउंटरवर पाळला जायला हवा. हे न करता रंग-प्रकाशाकडे वळणे म्हणजे गळकी टाकी तशीच ठेवून नवा पंप बसवणे. नव्या तंत्राने प्रतिजैविकांवरचा भार थोडा हलका होईल. ती जपून वापरण्याची जबाबदारी मात्र डॉक्टर, औषध विक्रेते आणि रुग्ण या तिघांवर कायमच राहील.