एका ओळीची आज्ञा आणि हजारो सर्व्हर: ‘पाइपलाइन’ सुरू करण्याची चावी कुणाच्या हातात असते?

रात्री झोपताना व्यवस्थित चालणारं एखादं ॲप सकाळी पनवेल स्थानकात लोकलची वाट पाहताना उघडावं, तर त्याचं रूपच बदललेलं असतं. कधी नवी सोय आलेली असते, तर कधी लॉगिनच होत नाही. रात्रीतून हा बदल केला कुणी? अनेकदा उत्तर असतं, एका इंजिनिअरने लॅपटॉपवर टाइप केलेली एक ओळ.

ही ओळ नेमकं काय करते आणि तिच्याशी सामान्य माणसाचा काय संबंध, ते समजून घेऊ.

पाइपलाइन म्हणजे काय?

एका ॲपवर एकाच वेळी अनेक जण काम करत असतात. प्रत्येकाने लिहिलेला कोड रोजच्या रोज एकत्र करायचा, त्यातून ॲप तयार करायचं, चाचण्या घ्यायच्या आणि सगळं ठीक असेल तर ते सर्व्हरवर चढवायचं, अशी ही साखळी असते. ती आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेला ‘पाइपलाइन’ म्हणतात. कोड सतत जोडत आणि तपासत राहण्याच्या या पद्धतीचं नाव ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’, म्हणजेच ‘सीआय’.

जेनकिन्स, गिटलॅब आणि गिटहब ॲक्शन्स ही त्यासाठीची प्रसिद्ध साधनं. जेनकिन्सची सुरुवात २००४ मध्ये ‘हडसन’ या नावाने झाली. सध्याचं नाव त्याला २०११ मध्ये मिळालं.

मग आज्ञा कशाला द्यावी लागते?

एरवी कोणी नवा कोड जमा केला की पाइपलाइन स्वतःहून सुरू होते. पण काही वेळा ती ठरवून सुरू करावी लागते. उदाहरणार्थ, गर्दी कमी असताना रात्री दोन वाजता नवी आवृत्ती चढवायची असेल किंवा बिघाड झाल्यामुळे तातडीने जुन्या आवृत्तीवर परतायचं असेल, तर.

हे काम ब्राउझरमध्ये बटण दाबूनही होतं. पण काळ्या पडद्यावर, म्हणजे कमांड लाइनवर, ते एका ओळीत होतं. गिटहबवर त्यासाठी ‘जीएच वर्कफ्लो रन’ ही आज्ञा आहे. जेनकिन्समध्ये ‘कर्ल’ वापरून ठरावीक वेब पत्त्यावर विनंती पाठवली जाते. या ओळीचा फायदा असा, की ती फाइलमध्ये लिहून ठेवता येते, वेळापत्रकाला जोडता येते आणि दर वेळी तंतोतंत तशीच चालते.

हाताने काम केल्यावर काय होऊ शकतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार कंपनीचं आहे. २०१२ मध्ये तिथे आठ सर्व्हरवर नवा कोड चढवताना एक सर्व्हर राहून गेला. १ ऑगस्टला बाजार उघडल्यावर जुना कोड भलतेच सौदे करू लागला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं.

पनवेलचा याच्याशी काय संबंध?

पाइपलाइन ‘क्लाउड’मध्ये चालते असं म्हणतात, पण तो क्लाउड जमिनीवरच्या इमारतींमध्ये असतो. अशीच एक मोठी इमारत पनवेलच्या हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत आहे. ‘योट्टा एनएम-१’ नावाचं हे डेटा सेंटर जुलै २०२० मध्ये सुरू झालं. त्याची क्षमता ७,२०० रॅकची आहे. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीत ते सर्वोच्च, म्हणजे चौथ्या श्रेणीचं केंद्र आहे. एखादी वीजवाहिनी किंवा शीतयंत्रणा बंद पडली तरी सर्व्हर चालू राहावेत, अशी या श्रेणीची रचना असते.

पण वीज आणि थंडावा अखंड राहील याची काळजी घेणारी इमारत चुकीचा कोड अडवू शकत नाही. आज्ञा देणारा खारघरला घरी बसलेला असू शकतो आणि ती पाळणारं यंत्र पनवेलमध्ये, हैदराबादमध्ये किंवा अमेरिकेत. यंत्राला माणूस दिसत नाही, दिसतं ते फक्त त्याचं ‘टोकन’. टोकन म्हणजे अक्षरांची आणि अंकांची एक लांबलचक चावी. ती ज्याच्याकडे असेल, त्याचं यंत्र ऐकतं.

चावी चुकीच्या हाती गेली तर?

सर्कलसीआय ही पाइपलाइन सेवा देणारी कंपनी. डिसेंबर २०२२ मध्ये तिच्या एका इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्ये घातक सॉफ्टवेअर शिरलं आणि त्याच्या सुरू असलेल्या लॉगिनची चोरी झाली. दोन टप्प्यांचं लॉगिन असूनही ते वाचलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीला सर्व ग्राहकांना आपापल्या चाव्या बदलायला सांगावं लागलं.

मार्च २०२५ मध्ये गिटहबच्या पाइपलाइनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका लोकप्रिय तयार घटकात घातक कोड घुसवला गेला. तो घटक २३ हजारांहून अधिक प्रकल्प वापरत होते. त्यांच्या पाइपलाइनमधल्या चाव्या थेट नोंदवहीत छापल्या जाण्याचा धोका निर्माण झाला.

हल्ला नसला तरी धोका असतो का?

हो. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष अपडेट पाठवलं. तपासणी करणाऱ्या यंत्रणेतच चूक असल्याने ते अडलं नाही आणि सगळ्या ग्राहकांकडे एकदमच गेलं. कंपनीने ते ७८ मिनिटांत मागे घेतलं. तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख संगणकांना फटका बसला होता. मुंबई विमानतळावरही काही विमान कंपन्यांना प्रवाशांचं चेक-इन हाताने करावं लागलं.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यामुळे अशा बिघाडाची झळ आता पनवेलकरांना घराजवळच बसू शकते.

उपाय काय?

कमांड लाइन बंद करणं हा उपाय नाही. बिघाडाच्या वेळी जुन्या आवृत्तीवर झटपट परतण्यासाठी तीच कामी येते. उपाय आहेत ते चावीभोवतीच्या नियमांत. प्रत्येक चावीला एकाच कामापुरता अधिकार आणि थोडक्या दिवसांची मुदत द्यावी. खऱ्या ग्राहकांपर्यंत बदल पोहोचण्याआधी दुसऱ्या व्यक्तीची मंजुरी सक्तीची असावी. चावी फाइलमध्ये किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर ठेवू नये. आणि अपडेट आधी थोड्या लोकांना, मग सगळ्यांना द्यावं. शेजाऱ्याच्या फोनवर दिसणारी नवी सोय आपल्याकडे आठवडाभराने येते, त्याचं एक कारण हेच.

नोंदींबाबत भारतात नियमही आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांना सायबर घटनेची माहिती सहा तासांत द्यावी लागते आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. आज्ञा कोणत्या चावीने आणि किती वाजता दिली गेली, हे त्या नोंदींतून कळू शकतं. पण एकच चावी दहा जण वापरत असतील, तर नोंद असूनही ती ओळ टाइप कुणी केली, हे कळणार नाही.