पाणवठ्यावरची सोयरीक

मुलगी बघायला आलेले पाहुणे स्वयंपाक येतो का, म्हणून विचारतात. बायबलातल्या उत्पत्तीच्या २४ व्या अध्यायात मात्र परीक्षा उंटांनी घेतली! अब्राहामाचा कारभारी धन्याच्या मुलासाठी, इसहाकासाठी, बायको शोधायला निघाला. सोबत १० उंट. विहिरीपाशी त्यानं देवाला विनवलं, जी मला पाणी देईल अन् उंटांनाही पाजीन म्हणेल, तीच आमची. रिबका आली, तसंच म्हणाली. तहानलेला उंट १०० लिटरसुद्धा पितो. पोरगी खाली-वर घागरी वाहतेय, पाहुणा गप्प उभा राहून बघतोय!

पण पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी लगेच पाठवणी करायची का, हे घरच्यांनी रिबकेलाच विचारलं. ती जाते म्हणाली, तेव्हाच उंट हलले. मंडळी, भार देवावर टाकावा, पण होकार लेकीच्या तोंडून घ्यावा.