न धुता रंग ओळखायचा

पांडेसरा भागातल्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवलं की धुवावंच लागतं. सुटा रंग पाण्याबरोबर जातो, धाग्याला धरलेला उरतो. इथल्या खानदेशी घरांतल्या पोरांनाही हे ठाऊक असतं. म्हणून मला वाटतं, न धुता हा फरक ओळखणारं शास्त्र मराठीत आधी त्यांना सांगायला हवं.

फ्लुरोसीन हा चमकणारा रंग आडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये बनवला. त्यावर ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश टाकला की साधारण ४ नॅनोसेकंदांत तो स्वतः चमकतो. तेवढ्यात सुटा रेणू गरगर फिरतो आणि दिशा हरवते. मोठ्या प्रथिनाला चिकटलेला मात्र जेमतेम वळतो. त्याच्या चमकेत दिशा बरीचशी टिकते. फ्रान्सिस पेरँ यांनी १९२६ मध्ये याचं गणित मांडलं, ग्रेगोरिओ वेबर यांनी १९५२ मध्ये ते प्रथिनांना लावलं.

ब्रुसेलोसिसमुळे गाभण गाय गाभ टाकते, माणसालाही ताप येतो. त्याची एक चाचणी यावरच चालते. जंतूच्या तुकड्याला फ्लुरोसीन लावतात. गायीच्या रक्तातली प्रतिपिंडं त्याला धरून बसली की त्याचं फिरणं मंदावतं. धुण्याची भानगडच नाही.

सुरत महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. तिथे जड व्याख्या पाठ करून घेण्याआधी एवढंच सांगा: सुटा रंग भिरभिरतो, धरलेला रंग संथ वळतो. मराठीत विज्ञान जमत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा मिल कामगाराशी बोलावं. शब्द त्याच्याकडे आहेत. लिहायचं काम आपण साहित्यवाल्यांनी करायचं.