पहिला उन्हाळा घाटावर

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी दादाचा फोन आला. "जरा घरी ये, पोरीचं काहीतरी ठरवायचं आहे." आमच्या घरात ‘पोरीचं ठरवायचं’ म्हटले की पूर्वी त्याचा एकच अर्थ निघायचा. सुदैवाने दिवस बदलले आहेत. प्रश्न होता पुतणीच्या इंटर्नशिपचा. ती पणजीत पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला आहे, दुसरे वर्ष. मे महिन्याच्या सुट्टीत तिला पहिली इंटर्नशिप करायची होती आणि समोर दोन वाटा होत्या. एक मुंबईची. तिच्या मैत्रिणीच्या ओळखीने एका मोठ्या लॉ फर्ममध्ये चार आठवडे. दुसरी वाट घाटावरची. जोयडा तालुक्यात वनहक्काच्या दाव्यांचे काम बघणाऱ्या एका वकिलाने ‘येत असशील तर ये’ असे कळवले होते. पगार दोन्हीकडे नाही. मुंबईत राहण्याचा खर्च मात्र आहे.

घरात सरकारी नोकरीत असलेला मी एकटाच. त्यामुळे कागदाचा काहीही प्रश्न आला की मला बोलावतात. मी बी. ए. झालेला साधा कारकून, कायद्यातले मला काय कळणार? पण आवक-जावक नोंदवहीसमोर आयुष्याची वीस वर्षे काढली आहेत. कागद कुठे अडतो आणि का अडतो एवढे मला नक्की कळते. म्हणून मी माझे मत दिले, आधी जोयड्याला जा. त्यावरून घरात जो वाद झाला तोच आज इथे मांडतो आहे. ज्यांची मुले-मुली कायदा शिकत आहेत त्यांना कदाचित उपयोग होईल.

जोयडा हे माझे आजोळ. मोलेहून अनमोड घाट चढला की कर्नाटक लागते आणि आपण उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात शिरतो. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘सुपा’ हेच नाव आहे. काळी नदीवरच्या धरणात जुने सुपा गाव बुडाले, तिथली माणसे रामनगरला आणि आणखी कुठे कुठे पांगली आणि तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली. उरलेला मुलूख जंगलाचा. 2007 मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, 2015 पासून त्याला काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. या जंगलात आमचे कुणबी लोक पिढ्यान् पिढ्या भात पिकवतात, कंदमुळे लावतात. पोर्तुगीज अमलात गोव्यातून घाट चढून आलो असे तिथले म्हातारे सांगतात. घरात कोंकणी, शिकलेल्यांच्या हातात मराठी पुस्तक आणि कचेरीत कानडी, असा तिथला तिपेडी व्यवहार.

आता मुद्द्यावर येतो. 2003 साली गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप हे समाज अनुसूचित जमातींच्या यादीत आले. मी नोकरीला लागलो तो त्यानंतर, त्याच दाखल्यावर. पण ही यादी राज्यागणिक वेगळी असते. घाटाच्या खाली मी आदिवासी, आणि घाटाच्या वर माझ्या आईचा सख्खा भाऊ नाही! कर्नाटकातले कुणबी हा दर्जा मिळावा म्हणून कितीतरी वर्षे अर्ज-विनंत्या आणि मोर्चे करीत आले आहेत.

याचा फटका कुठे बसतो? वनहक्क कायदा 2006 चा. जंगलात राहणारा आणि कसणारा माणूस जर अनुसूचित जमातीचा असेल, तर 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनचा ताबा दाखवला की पुरते. तो ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या गटात पडला, तर त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या तिथे वस्ती होती हे दाखवावे लागते. पिढी म्हणजे 25 वर्षे. म्हणजे 75 वर्षांचा हिशेब, थेट 1930 पर्यंत मागे! जंगलातल्या कुणब्याकडे 1930 चा कागद कुठून येणार?

मामाचा दावा असाच फेटाळला गेला. ग्रामसभेने मान्य केलेला होता, वर गेल्यावर नाकारला. तसे कळवणारा कागद एका कार्यालयातून आला तो कानडीत. मामाला कानडी बोलता येते, वाचता येत नाही. त्याने तो कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला आणि चवथीला मी गेलो तेव्हा माझ्या हातात दिला. "तू कचेरीतला माणूस, बघ रे," म्हणाला. मलाही कानडी येत नाही. ‘कुणाकडून तरी वाचून घेतो’ म्हणत मी त्याची झेरॉक्स घेऊन आलो आणि ती माझ्या टेबलाच्या खणात राहिली. चार महिन्यांनी एका सहकाऱ्याने वाचून दाखवली. कारण म्हणून एकच ओळ होती, पुरावा नाही. आणि वरच्या समितीकडे दाद मागायची मुदत साठ दिवसांची असते हे मला त्या दिवशी कळले. दुसऱ्यांच्या अर्जांवर ‘मुदतबाह्य’ असा शेरा मी आयुष्यभर मारत आलो. मामाच्या कागदावर तो मीच मारला.

हे मी त्या रविवारी सर्वांसमोर सांगितले. वहिनी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "भावोजी, राग मानू नका. मामांची फाइल तुम्हाला वेळेत बघता आली नाही, आणि ती चूक निस्तरायला आता माझ्या पोरीला पाठवता?"

खरे सांगतो, याला माझ्याकडे उत्तर नव्हते. तिचे पुढचे म्हणणेही खोटे नव्हते. आमच्या घरात वकील होणारी ही पहिलीच मुलगी. ज्यांच्या घरी आजोबांपासून वकिली चालत आली आहे त्यांच्या मुलांनी खेड्यात जाऊन सेवा केली तर त्यांचे कौतुक होते आणि मागे बापाचे चेंबर असतेच. आमच्या पोरीमागे कोण आहे? मुंबईच्या फर्मचे नाव अर्जावर असले तर पुढचे दार उघडते. हे जग असेच चालते आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही.

तरीही माझे मत मी बदललेले नाही. त्याची कारणे सांगतो, आणि त्यात सेवा किंवा त्याग हा शब्द एकदाही येणार नाही.

पहिले कारण नियमाचे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे इंटर्नशिप करावी लागते, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात 12. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही आणि एकदा तरी खटले चालवणाऱ्या वकिलाच्या हाताखाली काम केलेच पाहिजे. म्हणजे पोरीच्या वाट्याला असे अनेक उन्हाळे आहेत. मुंबई कुठे पळून जात नाही. उलट चौथ्या वर्षाला, कंपनी कायदा वगैरे शिकून झाल्यावर फर्ममध्ये गेली तर तिथल्या लोकांना तिचा उपयोग होईल आणि नोकरीचे बघायचे असेल तर तोच काळ बरा. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला तिथे काय देणार? तिच्या वरच्या वर्गातल्या एका मुलीने सांगितले की तिने महिनाभर वातानुकूलित खोलीत बसून मसुद्यातले स्वल्पविराम तपासले. पक्षकाराचे तोंड एकदाही पाहिले नाही.

दुसरे कारण भाषेचे. मुंबईच्या फर्ममध्ये इंग्रजीत पोरीपेक्षा सरस अशी दहा मुले असतील. आमच्या घरची कुणबी कोंकणी मात्र तिथे कुणाला लागणार नाही. वनहक्काच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे त्यात सरकारी कागद, गॅझेटियर, नकाशे तर आहेतच. पण जुनी विहीर, बांध, दफनभूमी, देवस्थानाची जागा यांनाही पुरावा म्हणून स्थान आहे. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले जबाबही चालतात. 2012 च्या दुरुस्तीत तर स्पष्ट म्हटले आहे की अमुकच कागद हवा असा हट्ट धरता येणार नाही, आणि दावा नाकारला तर कारणे लेखी द्यावी लागतील. म्हणजे ‘कागद नाही’ हे शेवटचे उत्तर नव्हे. पण म्हातारीजवळ बसून तिच्या बोलीत ऐकायचे, आणि ते अधिकाऱ्याला समजेल अशा रीतीने लिहून काढायचे, हे कोण करणार? हे काम त्या फर्ममधल्या हुशार मुलांना जमणार नाही, आमच्या पोरीला जमेल. आयुष्यात पहिल्यांदाच तिची घरची भाषा तिच्या धंद्यात भांडवल ठरेल. कानडीची अडचण आहेच, पण त्यासाठी तिथे वकील आहे.

तिसरे कारण कारकुनाचे. कायदा पुस्तकात एका सरळ रेषेत असतो. ग्रामसभा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. प्रत्यक्षात कागद कुठल्या टेबलावर थांबतो, पोच घेतली नाही तर काय होते, ठरावावर किती सह्या लागतात, हे कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. 13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला आणि 28 फेब्रुवारीला तो स्थगित केला. त्यानंतर दावे नाकारताना नीट पद्धत पाळली होती का, हाच प्रश्न राज्यांना विचारला गेला. एवढ्या मोठ्या न्यायालयातली गोष्टसुद्धा अखेर एका साध्या नोटिशीपाशी येते, ती माणसाला मिळाली का आणि मिळाली तर त्याला वाचता आली का. हे ज्या विद्यार्थ्याने पहिल्याच उन्हाळ्यात पाहिले, तो पुढे कंपन्यांचा वकील झाला तरी नोटिशीची तारीख आधी बघेल.

आता जाण्याआधी काय बघावे तेही सांगतो, कारण खेड्यातली इंटर्नशिप म्हटली की ती आपोआप चांगली असते असे मुळीच नाही. रोजचे काम कोण सांगणार आणि कोण तपासणार, हे आधी विचारून घ्यावे. ‘या, बघू’ एवढेच उत्तर असेल तर जाऊ नये. राहण्याची सोय, विशेषतः मुलीसाठी, घरच्यांनी स्वतः बघून यावी. उन्हाळ्यात न्यायालयांनाही सुट्टी असते, त्यामुळे खटला ऐकायला मिळेल अशी आशा धरून गेलात तर पदरी निराशा पडेल. कचेऱ्या मात्र चालू असतात, म्हणून कागदाचे काम शिकायला मे महिना चांगला. आणि सर्वांत महत्त्वाचे, कुणालाही ‘तुमचं काम होईल’ असे सांगू नये. विद्यार्थी वकील नसतो. ज्याला आशा लावून आपण चार आठवड्यांनी निघून जातो, तो माणूस तिथेच राहतो.

हे सगळे ऐकून वहिनी म्हणाली, "मग मुदत संपलेल्या फाइलचं काय करणार ती?" मी म्हटले, बहुतेक काहीच नाही. मामाच्या दाव्याचे काय होईल मला माहीत नाही आणि त्यासाठी पोरीने जावे असे मी म्हणणार नाही. पण मामाच्या वाड्यावर ऐंशी ओलांडलेली एक म्हातारी आहे. तळीजवळचा बांध आपल्या सासऱ्याच्या बापाने घातला हे सांगणारी ती शेवटचीच. तिचा जबाब अजून कुणी लिहून घेतलेला नाही. शेजारच्या चार घरांचे दावे तरी त्यावर उभे राहू शकतील. अशा साक्षीदारांना पुढच्या वर्षीची तारीख देता येत नाही.

पुतणी इतका वेळ गप्प होती. "काका, मी दोघांनाही विचार करायला आठ दिवस मागितले आहेत," एवढेच म्हणाली. निर्णय तिचा आहे आणि तिने मुंबई निवडली तर मी स्टेशनवर पोचवायला जाईन, मनात अढी न ठेवता.

मी मात्र मे महिन्यात चार दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला आहे. जबाब कसा लिहायचा ते त्या वकिलाला विचारून घेईन. ती आली तर ती लिहील आणि मी झेरॉक्स काढीन. नाही आली तर अक्षर माझेही बरे आहे.